मणक्यापासून सुरुवात करा: गावाकडच्या वर्गासाठी थ्रीडी प्रिंटरवर शरीररचनेची मॉडेल्स

प्रिंटर चालू करण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: हे मॉडेल हातात घेतल्यावर मुलांच्या बोटांना असं काय कळेल, जे चित्रातून कळत नाही? उत्तर सुचलं नाही तर ते मॉडेल छापू नका. फुप्फुसाचा बाहेरचा आकार दाखवायला भिंतीवरचा तक्ता पुरतो. पण मानेच्या पहिल्या मणक्याला मधलं भरीव अंगच नसतं, दुसऱ्या मणक्याचा सुळका खालून वर त्याच्या कड्यात शिरतो आणि त्या सुळक्याभोवती डोकं 'नाही नाही' म्हणत फिरतं, हे चित्रावरून समजावताना फळा पुरत नाही. तेच दोन मणके हातात दिले की मुलं स्वतःच फिरवून पाहतात.

हा लेख हायस्कूलचे विज्ञान शिक्षक, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे आणि एएनएम-जीएनएम शिकवणाऱ्या नर्सिंग शाळा यांच्यासाठी आहे. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, चंद्रपूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदनाचे हॉल आहेत. १९४९ च्या शरीररचना कायद्यानुसार अभ्यासासाठी देह मिळतो तो अशा मान्यताप्राप्त संस्थांनाच. गावच्या शाळेला तो रस्ता नाही आणि त्याची गरजही नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने २०१४ मध्ये छापलेल्या अवयवांचा पूर्ण संच जाहीर केला, तोही जिथे देह मिळत नाहीत अशा ठिकाणांचा विचार करूनच. छापलेल्या मॉडेलात नसांचा मऊपणा, चरबी, माणसामाणसांतला फरक यांतलं काही येत नाही. हाडं, सांधे, छिद्रं आणि पोकळ्या मात्र चांगल्या येतात. म्हणून सुरुवात हाडांपासून.

पहिला संच: चार मणके

कवटीचा मोह सगळ्यांना होतो. पूर्ण आकाराची कवटी साध्या मशीनवर दीड-दोन दिवस घेते, त्यात एकदा तरी लाईन जाते आणि छापताना खालून दिलेले तात्पुरते टेकू, म्हणजे सपोर्ट, काढताना गालाचं हाड मोडतं. पहिल्यांदा चार मणकेच छापा: मानेचा पहिला, मानेचा दुसरा, छातीचा एक (सहावा-सातवा घ्या) आणि कमरेचा एक (तिसरा). चारही मिळून साधारण १०० ग्रॅम फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लॅस्टिकची तार, लागतं. पीएलए या नेहमीच्या प्लॅस्टिकचं एक किलोचं रीळ हजार रुपयांच्या आसपास मिळतं, म्हणजे संच शंभर-सव्वाशे रुपयांत होतो. जुन्या पद्धतीच्या मशीनवर लहान मणक्याला दीड-दोन तास, कमरेच्या मणक्याला साडेतीन-चार तास. शाळा साडेदहाला भरून पाचला सुटते, त्या वेळेत प्रत्येक तुकडा बसतो. हा हिशेब पुढेही सांभाळा: सहा तासांच्या वर जाणारा तुकडा कापून दोन करा. कुलूप लावलेल्या शाळेत रात्रभर २०० अंशांवर तापलेलं नोझल, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक सोडणारी तोटी, चालू ठेवायचं नाही.

मशीन, लाईन आणि कुलर

निती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब ज्या शाळांना मिळाली, तिथे थ्रीडी प्रिंटर असतो. बरेचदा तो प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकलेला असतो. नवीन विकत घेण्याआधी आजूबाजूच्या गावांत चौकशी करा. बंद पडून राहिलेला प्रिंटर हाती आला तर आधी पट्टे ताणून घ्या, ज्यावर तुकडा छापला जातो त्या बेडची चाकं डुगडुगत नाहीत ना पाहा, आणि नळीत अडकलेलं जुनं फिलामेंट काढून टाका. वर्षभर उघड्यावर पडलेलं पीएलए वाकवलं की काडीसारखं तुटतं. नवीन घ्यायचाच असेल तर २२० बाय २२० बाय २५० मिलिमीटरची जागा आणि तापणारा बेड एवढं पुरे. मोठ्या मशीनचा या कामात फारसा उपयोग होत नाही.

पॉवर सप्लायच्या बाजूला बऱ्याच मशीनना एक बारीक सरकता स्विच असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. प्लग लावण्याआधी तो २३० वर आहे याची खात्री करा. ११५ वर राहिला तर पहिल्याच दिवशी पॉवर सप्लाय उडतो. सांगाड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष अर्थिंगचा आहे. मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या किंवा असलेल्या खड्ड्यात पाणी ओता, तोवर मशीन चालवू नका.

लाईन गेल्यावर थांबल्या जागेवरून पुढे छापायची सोय आता बहुतेक मशीनना असते, पण तिच्यावर विसंबू नका. बेड थंड झाला की पीएलएचा तुकडा आपोआप सुटतो, लाईन आल्यावर मशीन हवेत छापत बसतं. घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची चांगली बॅटरी असेल तर काम भागतं. तापताना मशीन ३०० वॅटच्या वर खेचतं, नंतर सरासरी १०० ते १५० वर येतं, म्हणजे पाच-सहा तास निघतात. इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाईन बदलताना जो क्षण जातो तेवढ्यात प्रिंटर रीस्टार्ट होतो. आणि लॅपटॉप जोडून छापू नका, फाइल मेमरी कार्डवर घ्या; लॅपटॉप झोपला की छपाईही झोपते.

आता कुलर. पुण्या-मुंबईतली माहिती वाचून काम करणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की फिलामेंटला पावसाळ्यात जपा. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यातही ते ओलं होतं, कारण खोलीत वाळ्याचा कुलर चालू असतो. ओल्या फिलामेंटची खूण: नोझलमधून चट-चट आवाज, बारीक वाफ, आणि मणक्याच्या दोन टोकांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. शिवाय कुलरचा झोत थेट मशीनवर आला तर तुकड्याचे कोपरे उचलतात. मशीन कुलरच्या झोताबाहेर, भिंतीच्या आड ठेवा आणि रीळ वापरून झालं की लगेच हवाबंद डब्यात टाका. डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल १०० ग्रॅम. तांदूळ टाकून भागत नाही. जेलचा रंग पालटला की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरता येतं; ती कढई मग स्वयंपाकाला घेऊ नका.

ओलं रीळ वाळवायला प्रिंटरचाच बेड वापरा. बेड ५० अंशांवर, त्यावर रीळ आडवं, वरून भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. तीन तासांनी रीळ उलटवा, पुन्हा तीन तास. मेच्या उन्हात टिनावर ठेवून वाळवायची युक्ती सुचेल, पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि तापलेलं टिन त्याच्या वर जातं. वेढे एकमेकांना चिकटले की रीळ गेलं.

नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेला की आणखी एक दुखणं लागतं. नोझलच्या वरचा भाग थंड राहायला हवा, तो खोलीच्याच गरमीने तापतो, प्लॅस्टिक वरच फुगतं आणि फिलामेंट पुढे ढकलणारा एक्सट्रूडर टक-टक आवाज करत दात घासतो. तासाभराने छपाई बंद पडते. उपाय असे: पेटी असलेल्या मशीनचं दार आणि झाकण उघडं ठेवा, छोट्या पंख्याच्या पात्यावरची धूळ काढा, नळी असलेल्या मशीनवर रिट्रॅक्शन, म्हणजे फिलामेंट मागे ओढणं, ५ मिलिमीटरच्या वर नेऊ नका. शक्य असेल तर त्या दिवसांत सकाळच्या शाळेत, नऊच्या आत काम उरका. खरं म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा छापायचा हंगाम. वर्षभराचे संच तेव्हाच करून ठेवले तर उन्हाळ्यात फक्त वर्ग घ्यायचा उरतो. कापूस वेचणीही त्याच सुमारास असते, तेव्हा फिलामेंटवर बसलेली रुई नोझलमध्ये जाते. मशीनमध्ये शिरण्याआधी फिलामेंटला स्पंजचा तुकडा चिमट्याने लावून ठेवा, तो पुसत राहतो.

फाइल कुठून, आणि ती बरोबर आहे का

अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संस्थेचा थ्रीडी मॉडेलांचा मोफत संग्रह आहे. जपानचा बॉडीपार्ट्स-थ्रीडी हा संग्रह अवयव सुटे सुटे देतो. थिंगिव्हर्सवरही पुष्कळ सापडतं, पण तिथे शोभेच्या कवट्या आणि अभ्यासाच्या कवट्या एकाच टोपलीत आहेत. 'सीटीवरून केलेलं' असा उल्लेख नसेल तर ती फाइल सोडा. परवाना वाचा, काही फाइल्स शिकवायला मोफत असतात, विकायला नाही.

उतरवलेली एसटीएल फाइल स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे आडवे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. क्युरा आणि प्रुसास्लायसर दोन्ही मोफत आहेत. तीन गोष्टी पाहा.

पहिली, माप. एसटीएलमध्ये एकक नसतंच. इंचात केलेली फाइल मिलिमीटर समजून उघडली की मणका ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो, २५.४ ने गुणा. प्रौढ मांडीचं हाड ४३ ते ४६ सेंटिमीटर, कमरेच्या मणक्याचं भरीव अंग साडेचार-पाच सेंटिमीटर रुंद. यात न बसणारं मॉडेल मोजून सुधारा, आणि मुद्दाम लहान-मोठं केलं असेल तर त्यावर '७० टक्के' असं लिहून चिकटवा. मुलं आकार लक्षात ठेवतात, सूचना नाही.

दुसरी, डावं-उजवं. फाइल आरशातल्यासारखी उलटलेली असू शकते. मांडीच्या हाडाचं गोल डोकं शरीराच्या मध्याकडे आणि खालच्या सांध्याचे चाकांसारखे दोन उंचवटे मागे धरून पाहा. हाडाला मिरर करून दुसऱ्या बाजूचं हाड मिळतं, हे सोयीचंच. हृदयाला मिरर केलं तर मात्र वेगळ्याच माणसाचं हृदय होतं.

तिसरी, छिद्रं. हा भाग सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. सीटीवरून केलेल्या कवटीत डोळ्याच्या खोबणीची पातळ भिंत बरेचदा पकडली जात नाही, तिथे खोटी भोकं पडतात. उलट, मॉडेल गुळगुळीत करताना दोन-तीन मिलिमीटरची खरी छिद्रं बुजतात. मानेच्या मणक्याच्या आडव्या टोकांत दोन बाजूंना एकेक छिद्र असतं, पहिल्या सहा मणक्यांतून त्यातून मेंदूकडे जाणारी धमनी वर चढते. ते छिद्र बुजलेलं असेल तर तो मानेचा मणका म्हणून ओळखायची खूणच गेली. पुस्तक उघडून छिद्रांची यादी समोर ठेवा आणि एकेक टिकमार्क करा. छापल्यावर बुजलेलं दिसलं तर २ मिलिमीटरच्या ड्रिलने, मशीनने नव्हे, हाताने फिरवून मोकळं करा.

छापताना

पीएलएसाठी नोझल २०० ते २१०, बेड ६०. थर ०.२ मिलिमीटर, मानेच्या लहान मणक्यांना ०.१२. भिंती तीन, आत १५ टक्के भरण. पहिला थर सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने, बाकी ५०. ब्रिम, म्हणजे तळाभोवतीची पातळ कड, ५ मिलिमीटर. सपोर्ट झाडाच्या फांद्यांसारखे, म्हणजे ट्री प्रकारचे, ५० अंशांच्या पुढच्या उतारांना.

मणका ठेवायचा कसा याला आकड्यांपेक्षा जास्त महत्त्व आहे. सपोर्ट जिथे टेकतात तो पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून ज्या बाजूने शिकवायचं आहे ती वर. कमरेचा मणका भरीव अंगाच्या सपाट तळावर उभा करा. मधली पोकळी उभी येते, तिला आतून सपोर्ट लागत नाही आणि वरचे सांध्याचे पृष्ठभाग स्वच्छ निघतात. छातीच्या मणक्याचं मागचं टोक खाली झुकलेलं असतं, त्याला थोडं तिरकं करूनच बसवावं लागतं. दुसऱ्या मणक्याचा सुळका नेहमी वर. तो आडवा छापला तर थरांच्या रेषेवर बळ येत नाही हे खरं, पण उभा छापून चार भिंती दिल्या तर वर्गात टिकतो. तुटलाच तर आतून तापवलेली स्टीलची टाचणी घालून जोडा.

मांडीचं हाड एका तुकड्यात मावत नाही. स्लायसरमधल्या कट पर्यायाने तीन भाग करा, दोन नको. बावीस सेंटिमीटर उंच बारीक खांब छापताना वर गेल्यावर थरथरतो. प्रत्येक भागात ६ मिलिमीटरचं भोक ठेवा आणि आत तेवढ्याच जाडीची बांबूची काडी किंवा सळई घालून इन्स्टंट गोंदाने चिकटवा.

बेड समतल करायला कागद सरकवून पाहतात ती जुनी रीत अजूनही चांगलीच. नोझल आणि बेड दोन्ही तापवून मगच करा, थंड बेडवर केलेलं लेव्हल तापल्यावर बिघडतं. पहिल्या थराची रेघ पसरट आणि शेजारच्या रेघेला चिकटलेली दिसली पाहिजे. पहिली दहा मिनिटं मशीनसमोरून उठू नका. पुढची बहुतेक दुखणी याच दहा मिनिटांत दिसतात.

सपोर्ट काढल्यावर १२० मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून. कोरडं घासलं की पीएलए गरम होऊन पेपरला चिकटतं आणि धूळ नाकात जाते. मांडीच्या हाडामागची खडबडीत रेघ, खांद्याच्या हाडाचे उंचवटे यांना हात लावू नका. ते स्नायू चिकटण्याच्या जागा आहेत, छपाईचा दोष नाही. पुट्टी भरून सगळं चकचकीत करणारा माणूस हाडाची भाषाच पुसून टाकतो. रंगवायचं तर अ‍ॅक्रिलिकने: स्नायू जिथून निघतो तिथे लाल, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळा. शरीररचनेत हीच पद्धत रूढ आहे, पुढे कॉलेजात गेलेल्या मुलांना ती ओळखीची वाटते. नावं लिहू नका. आकडे चिकटवा आणि नावांचा कागद वेगळा ठेवा, म्हणजे तेच मॉडेल परीक्षेलाही चालतं.

मॉडेल्स ठेवायची जागा सावलीतली. टिनाच्या शेडमधल्या कपाटात किंवा उन्हात उभ्या जीपच्या डिकीत पीएलएचा मणका वाकतो. गावोगाव न्यायचा संच पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापा: नोझल २३५-२४०, बेड ७५-८०, तो ८० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. धागे जास्त सुटतात, तेवढं सोसावं लागतं.

नर्सिंग शाळेसाठी: कटिबंध आणि बाळाचं डोकं

कटिबंध म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं. तो आणि बाळाचं डोकं दोन्ही १०० टक्के मापाचे हवेत. एक जरी कमी-जास्त केलं तर सगळा धडा खोटा होतो. कटिबंध २२ सेंटिमीटरच्या बेडवर मावत नाही. तीन तुकडे करा: दोन नितंबास्थी, एक त्रिकास्थी. नितंबास्थी बेडवर कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरकी बसते. फाइल स्त्रीच्या कटिबंधाची आहे ना हे आधी तपासा. पुढच्या जोडात दोन हाडं थेट चिकटवू नका. खऱ्या शरीरात तिथे कूर्चा असते. जुन्या स्लीपरच्या तळाचा ४-५ मिलिमीटर जाडीचा तुकडा मध्ये घाला आणि नटबोल्टने आवळा. तो विसरला तर वाट तेवढी अरुंद होते.

जोडल्यावर व्हर्नियर किंवा पट्टीने मोजा. वरच्या तोंडाची आडवी रुंदी १३ सेंटिमीटरच्या जवळ, आत दोन बाजूंना टोचणाऱ्या काट्यांमधलं अंतर १० ते १०.५. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याची आडवी रुंदी सुमारे ९.५. हे तीन आकडे जुळले की मॉडेल वर्गात न्या. बाळाचं डोकं आडवं धरून वरून आत घालायचं, मग काट्यांशी पोचताना ते वळवावं लागतं, हे विद्यार्थिनी स्वतः करून पाहतात. पुढची टाळू चौकोनी, पतंगासारखी, तिथे चार शिवणी मिळतात. मागची त्रिकोणी, तिथे तीन. डोकं जाड कापडाच्या पिशवीत घाला आणि डोळे मिटून दोन बोटांनी ओळखायला सांगा. तपासणीच्या वेळी डोळ्यांना दिसणार नाहीच, कामाला येतात ती ही दोन बोटंच.

सिकलसेलची पेशी

हाड नाही, पण पूर्व विदर्भात हे मॉडेल मणक्याइतकंच गरजेचं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, हा शब्द मुलांनी घरात ऐकलेला असतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून शाळांतून तपासण्याही होतात, पण पेशी अडकते म्हणजे काय हे रक्त घेताना कोणी दाखवत नाही.

लाल पेशीचा व्यास साडेसात मायक्रॉनच्या आसपास. दहा हजार पट केली की साडेसात सेंटिमीटर, हातात मावेल अशी. फाइल उतरवायची गरज नाही, टिंकरकॅड या मोफत वेबसाइटवर स्वतः करा: ७५ बाय ७५ बाय २४ मिलिमीटरचा चपटा गोल घ्या. ५० बाय ५० बाय १६ चे दोन चपटे गोल होल करून वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर मध्यभागी बसवा. मध्ये ८ मिलिमीटर उरतात. आडवी मधोमध कापून दोन अर्ध्या चकत्या टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकमध्ये छापा: नोझल २२०-२२५, वेग २० ते २५, भिंती दोन, भरण ५ टक्के, तळाचे थर शून्य. कडेने गोंद लावून जोडा. लांब नळीच्या मशीनवर टीपीयू अडकतं, गिअरपाशी गुंडाळी होते. तसं झालं तर हट्ट सोडा आणि जुन्या गादीचा फोम कापून पेशी करा. काम तेच होतं.

विळ्याच्या आकाराच्या पाच-सहा पेशी कडक पीएलएच्या: ११ सेंटिमीटर लांब, ३ रुंद, दीड जाड. मग ६३ मिलिमीटरचा शेतातला पीव्हीसी पाइप आणि एक एल्बो. त्या मापात बारीक रक्तवाहिनी साधारण तेवढीच येते. मऊ पेशी दाबून घातली की घडी पडते आणि हाताने ढकलत एल्बोतून पलीकडे निघते. विळे एकेक सोडा, तिसरा-चौथा एल्बोच्या वळणावर अडकतो, मागचे त्याच्यावर साचतात. दुखणं तिथे होतं. हे दाखवताना एक सावधगिरी: वर्गात सिकलसेलचं मूल असू शकतं. कोणाला आहे असं विचारू नका. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे हे आधी सांगा, आणि दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रोगाची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, हे फळ्यावर चौकटी काढून दाखवा.

वर्गात

पाच-सहा मुलांमागे एक संच. चारही मणके कापडी पिशवीत टाका. एकाने हात घालायचा, न बघता सांगायचं. आडव्या टोकांत भोक लागलं की मानेचा. बाजूला बरगडी बसायच्या खाचा आणि लांब झुकतं शेपूट लागलं की छातीचा. जड, मोठं, घेवड्याच्या दाण्यासारखं अंग म्हणजे कमरेचा. कडं लागलं, अंग नाही, तर पहिला. वीस मिनिटांत वर्ग मणके ओळखतो. ज्या मुलांना दिसत नाही त्यांनाही हा खेळ सारखाच खेळता येतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

मग पोकळीतून करंगळीएवढा जाड दोर ओवा, तो मज्जारज्जू. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो; पाठीतून पाणी काढतात ते त्याच्या खाली का, हे तिथेच विचारा. कमरेचे दोन मणके असतील तर मध्ये स्लीपरची एक सेंटिमीटर जाड चकती ठेवून वाकवा. चकती मागे दाबली जाताना दिसते, आणि वाकून पोतं उचलण्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारी मुलं असतील तर हाडाला घरी काय म्हणतात ते आधी त्यांना सांगू द्या, मग मराठी नाव, मग परीक्षेचं इंग्रजी नाव. हाड हातात असताना तीन नावं जड जात नाहीत.

सीटीवरून स्वतः मॉडेल करायचं असेल तर

संच हाताळून झाले, मग इकडे वळा. थ्रीडी स्लायसर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. नाव सारखं असलं तरी ते छपाईचं स्लायसर नव्हे. सराव त्यातल्याच सॅम्पल डेटावर करा, छातीचा सीटी त्यात मिळतो. सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड २०० ते २५० हाउन्सफील्डपासून (हे सीटीतलं घनतेचं एकक) वर ठेवला की हाड वेगळं होतं. लहान मुलांचं किंवा ठिसूळ हाड सुटत असेल तर १५० पर्यंत खाली या. आयलंड्समध्ये सर्वांत मोठा तुकडा ठेवा, म्हणजे टेबलाचे ठिपके जातात. मीडियन स्मूदिंग २ ते ३ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, नाहीतर वर सांगितलेली छिद्रं बुजतात. मग एसटीएल काढा. सीटीचे काप १ मिलिमीटर किंवा कमी जाडीचे हवेत. ५ मिलिमीटरच्या कापांतून विहिरीच्या पायऱ्यांसारखं हाड निघतं आणि कितीही गुळगुळीत केलं तरी ते खोटंच राहतं.

कोणाच्या खऱ्या सीटीवर काम करायचं असेल तर रुग्णाची लेखी संमती आणि रुग्णालयाची परवानगी दोन्ही आधी. डायकॉम, म्हणजे सीटीच्या मूळ, फाइलच्या आत नाव, वय, तारीख सगळं असतं, ते काढून टाकल्याशिवाय पेनड्राइव्हवर घेऊ नका. नाव काढलं तरी चेहऱ्याच्या त्वचेसकट छापलेलं डोकं गावात लगेच ओळखू येतं. शाळेसाठी हाडच काढा, कातडी नको.